इंग्रजीत स्वतःची ओळख करून देताना: पुण्यातल्या नोकरदारांचे आणि उद्योजकांचे नेहमीचे प्रश्न

मी पूर्वी भोसरीतल्या एका कारखान्यात एक्सपोर्टची कागदपत्रं बघायचे. आता संध्याकाळी सदाशिव पेठेत बिझनेस इंग्लिशच्या बॅचेस घेते. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून उशिरा येऊन टेकणारी मुलं, चाकणचे सुपरवायझर, खराडीत नव्यानं लागलेल्या मुली, स्वतःचं वर्कशॉप असलेले काका, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिलीत. ओळख तोंडानं करून द्यायची असते, तेव्हा वाचताना ती मोठ्यानं म्हणा. घरचे बघतील, बघू देत.

"मायसेल्फ स्नेहा" म्हटलं तर खरंच चुकतं का?

हो. अर्थ कळतो, तोंडावर कुणी हसतही नाही, पण पहिल्याच शब्दाला पाय घसरतो. मायसेल्फ म्हणजे "स्वतः" किंवा "स्वतःला". "नमस्कार, स्वतः स्नेहा" अशी ओळख आपण मराठीत कधी करून देतो का?

हा शब्द येतो कुठून, याबद्दल माझा एक अंदाज आहे. समोरून "टेल मी अबाउट युवरसेल्फ" असं आलं की युवरसेल्फचा जोडीदार म्हणून मायसेल्फ आपसूक तोंडात येतो. त्यात शाळेत याच नावाचा निबंध घोकलेला असतो.

"आय ॲम स्नेहा" किंवा "माय नेम इज स्नेहा" एवढं पुरे. फोनवर मात्र "धिस इज स्नेहा, फ्रॉम पुणे" म्हणायची पद्धत आहे. आपण फोनवर "मी स्नेहा बोलतेय" म्हणतो, त्याचं "आय ॲम स्नेहा स्पीकिंग" करू नका. "स्नेहा स्पीकिंग" हे दोनच शब्द, आणि तेही फोन तुम्ही उचलला असेल तर.

पहिल्या भेटीत नेमकं काय सांगायचं?

इथेच खरी गोम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे ओळख म्हणजे माणूस कुठे बसतो ते शोधून काढणं. "आडनाव काय? मूळचे कुठले? साताऱ्याचे म्हणजे गावातलेच की आणखी आत? मग तिथले अमुक तमुक तुमचे कोण?" दोन मिनिटांत कुणाची तरी आतेबहीण निघते आणि मग चहा येतो. मला ही पद्धत मनापासून आवडते. पण कामाच्या इंग्रजीत ओळख करून देताना समोरच्याच्या मनात दुसराच प्रश्न असतो: या माणसाकडे मी कुठलं काम घेऊन जायचं? गाव, जात, वडिलांची नोकरी, दहावीचे टक्के यातलं काहीच त्याच्या उपयोगाचं नसतं. माझ्या बॅचमधल्या निम्म्या लोकांचं व्याकरण ठीक असतं, पण ते या दुसऱ्या प्रश्नाऐवजी पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देत बसतात.

म्हणून आधी नाव. मग काम, आणि तेही पदाच्या नावानं सांगण्यापेक्षा क्रियापदानं सांगा. मग त्या कामाचा समोरच्याशी असलेला धागा. चाकणच्या एका मुलानं बॅचमध्ये तयार केलेली ओळख मी अजून उदाहरण म्हणून सांगते: "आय ॲम अनिरुद्ध. आय लुक आफ्टर क्वालिटी ॲट द चाकण प्लांट, सो एव्हरी पार्ट यू सेंड बॅक लँड्स ऑन माय टेबल." तुम्ही परत पाठवलेला प्रत्येक पार्ट माझ्याच टेबलावर येऊन पडतो! ऐकणारा हसतो, आणि पुढच्या वेळी रिजेक्शनबद्दल कुणाशी बोलायचं ते त्याला पक्कं ठाऊक असतं. "आय ॲम सीनियर एक्झिक्युटिव्ह, क्यू ए डिपार्टमेंट" यातून हे कळलं नसतं.

वेळ पंधरा-वीस सेकंद. त्यानंतर चेंडू पलीकडे टाका: "अँड व्हॉट डू यू वर्क ऑन?" आपली ओळख संपली की बरेच जण गप्प उभे राहतात. समोरचाही गप्प, मग दोघं मिळून कॉफीच्या मशीनकडे बघतात.

माझं पद सांगितलं की परदेशी लोक गोंधळतात. का?

कारण आपल्या पदांची नावं आपल्यापुरती आहेत. भारतात "एक्झिक्युटिव्ह" हा बहुतेक ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचा माणूस. बाहेर एक्झिक्युटिव्ह म्हटलं की वरच्या मजल्यावरचा साहेब डोळ्यांसमोर येतो. "एजीएम" म्हणजे आपल्याला असिस्टंट जनरल मॅनेजर, तर ब्रिटिश माणसाला भागधारकांची वार्षिक सभा. आपला डिप्लोमा म्हणजे दहावीनंतरची पॉलिटेक्निकची तीन वर्षं. अमेरिकेत डिप्लोमा म्हणजे शिक्षण पूर्ण झाल्याचा कागद, मग तो शाळेचा का असेना. त्यामुळे "आय हॅव अ थ्री-इयर डिप्लोमा इन मेकॅनिकल इंजिनिअरिंग" असं पूर्ण सांगा. "बीई" ऐवजी "अ बॅचलर्स डिग्री इन इंजिनिअरिंग". "फ्रेशर" ऐवजी "रीसंट ग्रॅज्युएट".

कुठल्या चुका सगळ्यात जास्त होतात?

बहुतेक चुका मराठीच्या पोटातून येतात, त्यामुळे त्या मुळाशी धरल्या तर लवकर सुटतात.

"मी पाच वर्षं इथे काम करतोय" याचं आपण "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" करतो. इंग्रजीला काम मागे सुरू होऊन अजून चालू आहे हे दाखवायला वेगळं रूप लागतं: "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स". किती काळ ते सांगताना फॉर, कधीपासून ते सांगताना सिन्स: "सिन्स २०१९".

"मला सहा वर्षांचा अनुभव आहे" याचं "आय ॲम हॅविंग सिक्स इयर्स एक्सपीरियन्स" होतं. जवळ असणं या अर्थाच्या "हॅव"ला आयएनजीचं शेपूट लागत नाही. "आय हॅव सिक्स इयर्स ऑफ एक्सपीरियन्स".

"मी पुण्याचाच" मधला तो लाडका "च" इंग्रजीत "ओन्ली" होऊन बसतो: "आय ॲम फ्रॉम पुणे ओन्ली". फक्त पुण्याचा, म्हणजे आणखी कुठला असायला हवा होता? "च" घरी ठेवून जा. फारच वाटलं तर "बॉर्न अँड ब्रॉट अप इन पुणे" म्हणा.

"आय पास्ड आउट इन २०२१" हे भारतात सर्वांना कळतं. बाहेर पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडणं. लष्करी प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांना ब्रिटिश इंग्रजीत हा शब्द शोभतो, खडकवासल्याच्या एनडीएतली पासिंग आउट परेड आपल्याला माहीत आहेच. बाकीच्यांनी "आय ग्रॅज्युएटेड इन २०२१" म्हणावं.

आणि "रिव्हर्ट". आपण "प्लीज रिव्हर्ट" म्हणजे उत्तर द्या असं धरून चालतो. अमेरिकन माणसासाठी त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जा. "प्लीज लेट मी नो" लिहा, भानगडच नाही. "डू द नीडफुल" हे जुनं ब्रिटिश वळण आपण जपून ठेवलंय. त्याऐवजी नीडफुल म्हणजे नेमकं काय, तेच लिहावं.

भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. मोशीच्या प्रदर्शनात परदेशी गिऱ्हाईक स्टॉलवर आलं तर काय बोलू?

हा प्रश्न विचारणारे काका बॅचमध्ये सगळ्यात मागे बसायचे आणि त्यांच्याकडेच सांगण्यासारखं सगळ्यात जास्त होतं. त्यांचं पाठ केलेलं वाक्य होतं, "वी डू ऑल टाइप्स ऑफ जॉबवर्क." सगळ्या प्रकारची कामं करतो म्हणणाऱ्याला गिऱ्हाईक कुठलंच काम देत नाही, कारण काय द्यावं तेच कळत नाही. शिवाय "जॉबवर्क" हा आपला शब्द. बाहेर त्याला "काँट्रॅक्ट मशीनिंग" म्हणतात, आणि "पार्टी" म्हटलं तर त्यांना केक आठवतो. कस्टमर म्हणा.

आम्ही त्यांना विचारत गेलो. कुठला धातू? पितळ. केवढा पार्ट? चाळीस मिलिमीटरपर्यंत. कुणासाठी? पंपवाल्यांसाठी. मग झालं: "वी आर अ मशीन शॉप हिअर इन पुणे. वी टर्न ब्रास पार्ट्स फॉर पंप मेकर्स, अप टु फोर्टी मिलिमीटर्स. लास्ट इयर वी मेड टू हंड्रेड थाउजंड पीसेस." हे म्हणताना एक पार्ट उचलून पाहुण्याच्या हातात द्यायचा. हातात वस्तू आली की इंग्रजीची निम्मी गरज संपते.

आकड्यांकडे लक्ष द्या. लाख, कोटी भारताबाहेर फारसं चालत नाही. २ लाख म्हणजे टू हंड्रेड थाउजंड, १० लाख म्हणजे वन मिलियन, १ कोटी म्हणजे टेन मिलियन. हा हिशोब बोलता बोलता होत नाही, आपले चार आकडे आधीच बदलून खिशात ठेवा. "एमआयडीसी" हे आपल्याला रोजचं, पण १९६२ साली स्थापन झालेलं आपल्या राज्याचं महामंडळ परदेशी माणसाला कसं माहीत असणार? "भोसरी इंडस्ट्रियल एरिया" म्हणा. पुणे कुठे आहे असं विचारलं तर "अबाउट अ हंड्रेड अँड फिफ्टी किलोमीटर्स फ्रॉम मुंबई". पुणेकराला हे सांगताना थोडं जड जातं, पण इलाज नाही. वयस्कर पाहुणे "पूना" म्हणतील. १९७८ पर्यंत इंग्रजीत तेच अधिकृत नाव होतं, सुधारायला जाऊ नका.

माझं नाव त्यांना उच्चारता येत नाही. छोटं करू का?

तुमची मर्जी. पण लाजून "सॅम" वगैरे होण्याची गरज नाही. नाव सावकाश आणि तोडून सांगितलं की बहुतेक अडचण मिटते. "देशपांडे" एका दमात सांगितलं तर तो गोंगाट वाटतो. "देश" म्हणा, श्वासभर थांबा, मग "पांडे". ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये डी, एन, वाय असं सुरू होतं, ते बघून कुणीही दचकेल. बॅचमधला एक ज्ञानेश्वर सांगतो, "माय टीम कॉल्स मी माउली." परदेशातली सगळी टीम त्याला माउली म्हणते, आणि त्याच्या आईला याचं केवढं कौतुक! काळे, कांबळे मंडळींनी "ळ"चा आग्रह सोडावा. तो सगळ्या मराठी माणसांनाही नीट जमत नाही.

स्पेलिंग सांगताना बी, डी, पी, टी, व्ही ही अक्षरं फोनवर एकसारखी ऐकू येतात. विमानवाल्यांची अक्षरमाला पाठ करा: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. एम आणि एन साठी माइक आणि नोव्हेंबर. "डी ॲज इन डेल्टा" असं म्हणायचं.

आणखी एक घोळ ईमेलमध्ये होतो. कंपनी नाव "कुलकर्णी स्नेहा विनायक" असं चढवते आणि पलीकडून "डिअर विनायक" म्हणून मेल येतो. वडिलांना आलेली ही मेल बघून स्नेहाला हसावं की रडावं कळत नाही. आयटीवाल्यांना सांगून दिसणारं नाव "स्नेहा कुलकर्णी" करून घ्या.

सर, मॅडम म्हणू की नावानं हाक मारू?

नावानं हाक मारताना आपली जीभ अडखळते, हे अगदी स्वाभाविक आहे. साहेबांना "अरे रॉबर्ट" म्हणायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. पण इंग्रजीत पहिलं नाव घेणं म्हणजे "अरे" म्हणणं नव्हे. तिथे आदर प्लीज, कुड यू आणि वेळ पाळण्यात असतो. अमेरिकन आणि ब्रिटिश कंपन्यांमध्ये पहिलं नाव चालतं, आणि सारखं "सर, सर" केलं तर त्यांना अवघडल्यासारखं होतं. जर्मन लोकांशी, आणि पुण्यात त्यांच्याशी गाठ पडतेच, सुरुवात मि. किंवा मिस आणि आडनावानं करा. डॉक्टरेट असेल तर डॉ. गाळू नका. जपानी माणसाला आडनाव आणि पुढे "सान". मात्र स्वतःच्या नावाला सान लावायचं नाही, ते स्वतःला "रावसाहेब" म्हणवून घेण्यासारखं होईल.

शंका असेल तर समोरच्यानं मेलखाली काय लिहिलंय ते बघा. त्यानं नुसतं "थॉमस" लिहिलं असेल तर पुढच्या मेलपासून "हाय थॉमस" लिहायला हरकत नाही.

साहेबांची ओळख पाहुण्यांना कशी करून द्यायची?

"ही इज अवर जोशी सर" असं म्हणू नका. "हे आमचे जोशी सर" मधल्या "हे"साठी इंग्रजीत "धिस" येतो: "धिस इज मिस्टर जोशी, अवर प्लांट हेड." आधी पाहुण्याचं नाव घेऊन त्याच्याकडे वळायचं: "डॉक्टर वेबर, धिस इज..." गिऱ्हाईक किंवा वयानं-मानानं मोठा माणूस असेल, तर दुसऱ्याची ओळख त्याला करून द्यायची असा जुना शिष्टाचार आहे.

हात मिळवू की नमस्कार करू?

दोन्ही चालतं. समोरचा हात पुढे करतो का ते बघा, नाही केला तर नमस्कार. जपानी पाहुण्यानं कार्ड दिलं तर दोन्ही हातांनी घ्या, वाचा, टेबलावर ठेवा. मागच्या खिशात कोंबू नका.

"हाऊ डू यू डू?"ला काय उत्तर द्यायचं?

"हाऊ डू यू डू?" हेच. तो प्रश्न दिसतो, पण नमस्कार आहे. हल्ली फार कमी ऐकू येतो. "नाइस टु मीट यू" पहिल्या भेटीत, नंतरच्या भेटींत "नाइस टु सी यू". आणि "व्हॉट इज युवर गुड नेम" हे शुभनामाचं भाषांतर आहे. नाव नीट ऐकू आलं नसेल तर "सॉरी, आय डिडन्ट कॅच युवर नेम" म्हणा.

मराठी माध्यमातून शिकले. उच्चारांची लाज वाटते. काय करू?

लाज वाटून घेऊ नका, आणि उच्चार "परदेशी" करायलाही जाऊ नका. नाकातून काढलेलं अमेरिकन इंग्रजी पुण्यात कुणाच्याच कानाला बरं वाटत नाही. मात्र दोन गोष्टींवर मेहनत घ्या.

पहिली, व्ही आणि डब्ल्यू. आपला "व" दोघांच्या मध्ये कुठेतरी राहतो. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, डब्ल्यूसाठी ओठांचा चंबू करा. "व्हेंडर" आणि "वी" आरशासमोर म्हणून बघा, फरक लगेच दिसेल.

दुसरी, जोर. मराठीत आपण अक्षरांना साधारण सारखंच वजन देतो. इंग्रजी शब्दात एक अक्षर उठून दिसावं लागतं, नाहीतर ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही. डेव्हलपमेंटमध्ये जोर दुसऱ्या तुकड्यावर, "व्हे"वर. इंजिनिअरमध्ये शेवटी. कलीगमध्ये पहिल्यावर, म्हणून खरा उच्चार "कॉलीग"च्या जवळ जातो. आपल्या ओळखीत येणारे सात-आठ शब्द निवडा आणि तेवढेच घासा. आख्खी भाषा सुधारत बसायला आयुष्य आहे.

मुलाखतीत "टेल मी अबाउट युवरसेल्फ" विचारलं तर कुठून सुरू करू?

जन्मापासून नको. "आय बिलाँग टु अ मिडल क्लास फॅमिली, माय फादर इज..." ही गाडी एकदा सुरू झाली की भावाच्या शिक्षणापर्यंत थांबत नाही. आत्तापासून सुरुवात करा, मग मागे जा, मग या नोकरीकडे या. दीड मिनिट पुष्कळ झालं.

नुकती शिकून बाहेर पडलेली मुलं म्हणतात, सांगायला काही नाहीच. असतं. "फॉर माय फायनल इयर प्रोजेक्ट, वी बिल्ट अ स्मॉल कन्व्हेयर. द मोटर केप्ट हीटिंग अप, अँड इट वॉज माय जॉब टु फाइंड आउट व्हाय." मोटर का तापत होती, हे पुढचा प्रश्न म्हणून कुठलाही इंजिनिअर विचारणारच. आणि त्याचं उत्तर तुम्हाला झोपेतही देता येतं, कारण ते तुम्ही केलेलं असतं. याउलट "आय ॲम हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल" म्हटलं तर समोरचा काय विचारणार? आणि नेमका त्याच दिवशी चांदणी चौकात अडकून उशीर झालेला असतो.

छंद विचारले तर "लिसनिंग टु म्युझिक". त्यातला "टु" विसरू नका.

ओळखीच्या ईमेलचा विषय काय लिहावा?

पुणेरी पाटी आठवा. पाटी लिहिणारा "सूचना" असा मथळा देऊन थांबत नाही, "फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल" असं सरळ सांगतो. "इंट्रोडक्शन" किंवा "रिगार्डिंग मीटिंग" हे विषय म्हणजे नुसती "सूचना". "न्यू क्वालिटी काँटॅक्ट फॉर ब्रेक ब्रॅकेट्स" लिहिलंत तर मेल न उघडताही अर्धं काम झालं. पाटीतली धमकी तेवढी गाळा.

मग आत काय लिहायचं? एखादा नमुना द्याल?

देते. अनोळखी गिऱ्हाइकाला पहिला मेल:

"हाय सारा,

आय ॲम अनिरुद्ध, अँड आय हॅव टेकन ओव्हर द ब्रॅकेट ऑर्डर्स फ्रॉम मीनल. फ्रॉम टुडे, प्लीज सेंड युवर ड्रॉइंग्ज अँड क्वालिटी क्वेरीज टु मी. आय हॅव रेड ऑल द मेल्स सिन्स जॅन्युअरी, सो यू वोन्ट नीड टु रिपीट एनीथिंग.

कुड वी टॉक फॉर फिफ्टीन मिनिट्स ऑन १२ जून, ॲट ९:३० युवर टाइम? दॅट इज १:०० पीएम इन पुणे.

बेस्ट रिगार्ड्स,
अनिरुद्ध"

यात "सगळे जुने मेल वाचलेत, तुम्हाला काही पुन्हा सांगावं लागणार नाही" हे वाक्य सगळ्यात मोलाचं. माणूस बदलला की गिऱ्हाइकाला धास्ती असते ती याचीच. अर्थात ते खरं असलं पाहिजे. मेल वाचल्याशिवाय हे वाक्य लिहिलंत तर दुसऱ्याच दिवशी उघडे पडाल.

तारीख ०६/१२ अशी कधीच लिहू नका. अमेरिकन माणूस महिना आधी वाचतो, त्याच्या दृष्टीनं तो १२ जून आणि आपल्या दृष्टीनं ६ डिसेंबर. महिना अक्षरात लिहा. वेळेपुढे "आयएसटी" लिहिलं तर आयर्लंड आणि इस्राएलचे लोकही ते आपलंच समजतील, म्हणून "इन पुणे" बरं. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. वर्षातून दोनदा यावरून कुणीतरी रिकाम्या कॉलवर बसून राहतंच.

"रिस्पेक्टेड सर" चालेल का? आणि शेवटी?

"रिस्पेक्टेड सर" हे आपल्या "माननीय महोदय"चं रूप, आणि त्यामागून येणारं "विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट" म्हणजे "उपरोक्त विषयास अनुसरून". सरकारी अर्जात शोभतं. कंपनीच्या मेलमध्ये नाव माहीत असेल तर "डिअर मिस वेबर" किंवा "हाय सारा". "डिअर मिस्टर राहुल" मात्र नको, मिस्टरपुढे आडनाव येतं. ब्रिटिश रीतीप्रमाणे "डिअर सर"नं सुरू केलेलं पत्र "युवर्स फेथफुली"नं संपतं, आणि नाव घालून सुरू केलेलं "युवर्स सिन्सिअरली"नं. मेलमध्ये "बेस्ट रिगार्ड्स" सगळीकडे चालतं.

नावावरून स्त्री की पुरुष हा अंदाज करू नका. भोसरीला असताना मी इटलीतल्या एका आंद्रेयाला चार महिने "डिअर मॅडम" लिहीत होते. पुढे ते कारखान्यात आले, दाढीसह. जर्मनीत आंद्रेया बाई असते, इटलीत बुवा. त्यांनाही आपला "किरण" कोडंच असतो. शंका असेल तिथे पूर्ण नाव लिहा: "डिअर आंद्रेया" आणि पुढे आडनाव.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर?

घ्या, पण नंतर कात्री चालवा. "आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल" हे आपल्या जुन्या पत्रातल्या "आपण सर्व कुशल असाल अशी आशा आहे" सारखं आहे. लिहिणारा त्याकडे बघत नाही, वाचणाराही बघत नाही. "पॅशनेट", "डायनॅमिक" हे शब्द दिसले की काढून टाका आणि तिथे तुमच्या कामातली एक वस्तू किंवा आकडा लिहा. ब्रॅकेट, पंप, पगाराचं सॉफ्टवेअर, काय असेल ते. ते यंत्राला माहीत नसतं.

कुणीतरी मेलवर आमची ओळख करून दिली. आता मी काय करायचं?

त्याच दिवशी उत्तर द्या. पहिल्या ओळीत ओळख करून देणाऱ्याचे आभार माना आणि त्याला बीसीसीत हलवल्याचं सांगा: "थँक यू, मीनल. मूव्हिंग यू टु बीसीसी." म्हणजे पुढची वीस उत्तरं त्या बिचारीच्या इनबॉक्समध्ये पडत नाहीत. मग समोरच्याशी थेट बोला.

उत्तरच आलं नाही तर?

आठवडाभर थांबा, त्याच मेलवर दोन ओळींची आठवण करा. "गेंटल रिमाइंडर" लिहू नका, त्यातला सौम्यपणा कुणालाच जाणवत नाही. "जस्ट चेकिंग इफ १२ जून वर्क्स फॉर यू" पुरे.

टीम्सच्या कॉलवर बारा जण असतात. माझी पाळी आली की ततपप होतं.

कॉलवर चेहरे छोटे आणि आवाज चिरका, त्यामुळे ओळख भेटीतल्यापेक्षाही छोटी हवी. नाव, शहर, काम. "हाय, स्नेहा हिअर, फ्रॉम पुणे. आय टेस्ट द पेरोल मॉड्यूल." संपलं. आधीच्यानं लांबण लावली म्हणून आपणही लावायची नाही. पहिले दोन शब्द म्यूटमध्ये गेले तर सॉरीचा पाढा न म्हणता पुन्हा नावापासून सुरू करा.

ततपप होतं ते बहुधा मनात मराठी वाक्य जुळवून त्याचं भाषांतर करताना. हे वाक्य तर बदलणार नाही, मग ते आयतंच तयार ठेवा. मध्येच शब्द सुचला नाही तर "लेट मी पुट इट अनदर वे" म्हणून दुसरीकडून या. त्यानं चार सेकंद मिळतात आणि कुणाला काही कळत नाही.

सराव कुठे करू? घरी कुणी इंग्रजी बोलत नाही.

फोनवर स्वतःला रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून अंगावर काटा येतो, तिसऱ्या वेळी चुका ऐकू यायला लागतात. माझी एक विद्यार्थिनी वनाजला मेट्रोत बसते आणि रामवाडी येईपर्यंत ओठातल्या ओठात आपली ओळख म्हणत असते. परवा शेजारच्या आजींनी तिला विचारलं, "कुठलं स्तोत्र गं बाळा?"